काय मारलं होतं?

प्रश्न तीन शब्दांचा. पोळा सरला की दिवाळीपर्यंत यवतमाळच्या शासकीय रुग्णालयात तो किती वेळा विचारला जातो, याची मोजदाद कोणी ठेवत नाही. विचारणारा डॉक्टर बहुधा पंचविशीतला, रात्रपाळीने डोळे चुरचुरत असलेला. ज्याला विचारायचे तो खाटेवर घामाने निथळत, तोंडातून लाळ गळत पडलेला असतो. त्याच्याने बोलवत नाही. उत्तर देतो तो त्याचा भाऊ, साळा, नाहीतर मोटारसायकलवर दोघांच्या मधे दाबून बसवून त्याला इथवर आणणारा शेजारी. काय मारलं होतं? उत्तर एका शब्दाचे येते : औषध.

उत्तर खरे आहे, आणि त्यातून डॉक्टरला काहीच कळत नाही. आपल्या भाषेने इथे मोठी गंमत करून ठेवली आहे. पिकाला आपण विष घालत नाही, औषध मारतो. दुकान ‘औषधांचे’, पंप ‘औषधाचा’, खोलीच्या कोनाड्यात देवाच्या तसबिरीखाली ठेवलेली बाटलीही औषधाचीच. कुणी ते जीव द्यायला प्यायले, तरी शब्द बदलत नाही. ‘अमक्याने औषध घेतलं’ हे वाक्य कानावर पडले की विदर्भातल्या गावात कोणी ताप उतरला का म्हणून विचारत नाही. माणसे धावत सुटतात. एकच शब्द, आणि तो तापाचा की मरणाचा हे ऐकणाऱ्याने प्रसंगावरून ताडायचे.

माझ्या लहानपणी आमच्या घरी धान्याच्या कणगीभोवती गॅमेक्सिनची भुकटी टाकायचे. आजोबा ती फडक्याच्या पुरचुंडीत बांधून आपटत, पांढरा धुरळा उडे, आणि आम्ही पोरे त्या धुरळ्यातून पळायची शर्यत लावत असू. तिचा ओला, कुबट वास मला अजून आठवतो. त्याच काळात ‘एन्ड्रिन’ हे नाव आत्महत्येचे टोपणनाव झाले होते. पुढे दोन्हींवर बंदी आली. पण बंदी आली म्हणून वस्तू गेली, नाव गेले, शब्द राहिला. औषध.

डॉक्टरला मात्र नाव हवे असते, आणि ते का हवे असते हे समजून घेतल्याशिवाय यवतमाळमध्ये २०१७ च्या पावसाळ्यात काय झाले ते उलगडत नाही.

शेतातल्या कीटकनाशकांचा एक मोठा गट ऑरगॅनोफॉस्फेटचा. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस, ॲसिफेट हे त्यातले. या कुळाचा जन्म जर्मनीतला. गेरहार्ड श्राडर नावाचा रसायनशास्त्रज्ञ किडे मारायचे रसायन शोधत होता, आणि १९३६ साली त्याच्या हाती टाबून लागले. टाबून पिकावर कधी गेले नाही, सैन्याकडे गेले. रासायनिक युद्धातला तो पहिला मज्जावायू. त्याची सौम्य भावंडे शेतात आली. सौम्य म्हणजे त्याच्या मानाने सौम्य.

माणसाच्या अंगात एका मज्जातंतूकडून दुसऱ्याकडे किंवा स्नायूकडे निरोप जातो तो ॲसिटिलकोलीन या द्रव्याच्या हाती. निरोप पोहोचला की एक विकर येऊन ते द्रव्य पुसून टाकते, म्हणजे पुढच्या निरोपासाठी पाटी कोरी. ऑरगॅनोफॉस्फेट त्या पुसणाऱ्यालाच धरून ठेवते. मग निरोप पुसला जात नाही, साचत जातो. ग्रंथींना वाटते गाळा, गाळा. म्हणून लाळ, घाम, डोळ्यांतून पाणी, छातीत चिकट द्रव. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात. दंडावरची, मांडीवरची मांसपेशी कातडीखाली किड्यांसारखी वळवळते. शेवटी श्वासाचे स्नायू दमून थांबतात.

यावरचा उतारा म्हणजे ॲट्रोपिन. धोतऱ्याच्या कुळात सापडणारे हे द्रव्य. नाल्याच्या काठी पांढरी तुतारीसारखी फुले घेऊन उभ्या असलेल्या त्या झाडाचे नातेवाईक. पाच-पाच मिनिटांनी मात्रा वाढवत जायची, छाती कोरडी होऊन घरघर थांबेपर्यंत. पण समजा, मारलेले औषध या कुळातले नव्हतेच. समजा ते डायफेन्थियुरॉन होते. ते विकराला धरत नाही. उन्हात आणि शरीरात त्याचे रूप पालटते आणि ते पेशीच्या ऊर्जा तयार करण्याच्या यंत्रणेलाच खीळ घालते. त्यावर ठरलेला उतारा नाही. लक्षणे दिसतील तसे उपचार करायचे. फिप्रोनिल असेल तर झटके येऊ शकतात. इमिडाक्लोप्रिडची तऱ्हा आणखी वेगळी. नको तिथे ॲट्रोपिन भरपूर टोचले, तर माणूस भ्रमिष्टासारखा बडबडू लागतो, हृदय धावत सुटते. म्हणून तो प्रश्न. म्हणून ‘औषध’ या उत्तरावर त्या पोरसवदा डॉक्टरचा उतरणारा चेहरा.

बाटली सोबत आणा, असे माहितीपत्रकात छापलेले असते. बाटली असते कृषी केंद्रातून आणलेल्या पिशवीत, पिशवी मालकाच्या घरी, आणि मजुराला दिसतो तो फक्त बांधावरचा निळा ड्रम, ज्यात सकाळीच सगळे एकत्र कालवून ठेवलेले असते.

२०१७ चे वर्ष आठवावे लागेल. यवतमाळ हा कापसाचा जिल्हा. सोळा तालुके, वणी, मारेगाव, झरी जामणीपासून पार उमरखेडपर्यंत काळी-करडी जमीन, बहुतेक कोरडवाहू. २००२ साली देशात बीटी कापसाला परवानगी मिळाली, २००६ मध्ये दोन जनुकांचे बियाणे आले, आणि काही वर्षे खरोखर बोंडअळीचे फवारे कमी झाले. पण गुलाबी बोंडअळी शहाणी निघाली. दहा-बारा वर्षांत तिने आधी पहिले जनुक पचवले, मग दुसरे. शिवाय बीटीचा बंदोबस्त होता तो अळ्यांपुरता. मावा, तुडतुडे, फुलकिडे, पांढरी माशी या रस शोषणाऱ्या किडींना त्याचे सोयरसुतक नव्हतेच. त्या हंगामात पाऊस अडखळत आला, मग दमट उकाडा साचला, आणि कापसाची पऱ्हाटी माजली. कमरेएवढी असायची ती पाच-पाच, सहा-सहा फूट चढली. दाट पेरा, फांद्या एकमेकींत गुंतलेल्या. फवारणाऱ्याचे डोके पिकाच्या आत.

एवढा एक तपशील मला सगळ्या अहवालांहून बोलका वाटतो. पीक गुडघ्याएवढे असते तेव्हा नोझल खाली धरून माणूस फवारतो, धुके पायांशी राहते. पीक डोक्यावर गेले की हात वर करून फवारावे लागते. धुके चेहऱ्यावर उतरते, आणि नुकत्याच भिजलेल्या फांद्या सरकवत पुढे जाताना मांड्या, पोट, जांघा ओल्या होत जातात. त्यात हाताने दांडा मारायच्या जुन्या पंपाऐवजी बॅटरीचे, पेट्रोलचे पंप आले होते. त्यांचा थेंब बारीक. बारीक थेंब पानाला छान चिकटतो, हवेत जास्त वेळ तरंगतो, आणि श्वासाबरोबर खोलवर जातो.

ऑगस्टपासून माणसे यायला लागली. सप्टेंबरअखेरीपर्यंत बातमी जिल्ह्याबाहेर गेली नव्हती. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात ती एकदम देशभर झाली. वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात त्या हंगामात आठशेहून अधिक जण विषबाधेने दाखल झाले. एकट्या यवतमाळमध्ये वीसहून जास्त माणसे गेली. विदर्भातले शेजारचे जिल्हे धरले तर आकडा पन्नासच्या घरात जातो. कित्येकांना काही दिवस दिसत नव्हते. काहींना खाटेला बांधून ठेवावे लागले. रक्तातल्या त्या विकराची पातळी मोजायची साधी चाचणी, कोलिनएस्टरेजची, तिची सोय या रुग्णालयात तेव्हा नव्हती. ऑरगॅनोफॉस्फेट की दुसरे काही, हे ठरवायची पहिली पायरीच नसलेल्या जिन्यावरून डॉक्टर आठशे माणसांना वर ओढत होते.

आणखी एक खाचखळगा होता. ऑरगॅनोफॉस्फेटचा रोगी ॲट्रोपिनने सावरतो, बोलू लागतो, नातेवाईक चहा प्यायला बाहेर पडतात, आणि एक ते चार दिवसांच्या मधे कधीतरी त्याचा श्वास अचानक बसतो. श्रीलंकेच्या सेनानायके आणि करालियाद्दे या दोन डॉक्टरांनी १९८७ साली याची नीट नोंद केली, नाव दिले. कापूस-भातशेतीच्या मुलखातल्या रुग्णालयांत मुरलेल्या डॉक्टरांना त्याची चाहूल साध्या गोष्टीवरून लागते : रोग्याला उशीवरून मान उचलता येते का? नाही आली, तर व्हेंटिलेटर जवळ आणून ठेवायचा. आणि व्हेंटिलेटर मोजकेच असतील तर मग कोणाच्या मानेकडे आधी बघायचे, हे कोणत्याच पुस्तकात लिहिलेले नाही.

राज्य सरकारने अमरावतीचे विभागीय आयुक्त पीयूष सिंह यांच्या अध्यक्षतेखाली विशेष तपास पथक नेमले. नोव्हेंबरमध्ये यवतमाळ, अकोला, अमरावती, बुलढाणा, वाशीम या पाच जिल्ह्यांत पाच कीटकनाशकांच्या विक्रीवर साठ दिवसांची बंदी आली : ॲसिफेट, डायफेन्थियुरॉन, मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस-सायपरमेथ्रिनचे मिश्रण आणि फिप्रोनिल-इमिडाक्लोप्रिडचे मिश्रण. नोव्हेंबरात कापसाची वेचणी चाललेली असते. फवारणीचा हंगाम उरकल्यावर आलेली ती साठ दिवसांची बंदी म्हणजे वऱ्हाड निघून गेल्यावर मांडवाच्या दारात उभा केलेला पहारेकरी. पथकाने मोनोक्रोटोफॉसवर पूर्ण बंदीची शिफारस केली, अतिदक्षतेच्या सोयी वाढवायला सांगितले, हे खरे. पण ठपका ठेवताना बोट वळले ते शेतकरी-मजुरांकडे : साधने वापरली नाहीत, काळजी घेतली नाही, नको ती मिश्रणे केली. निष्काळजीपणा.

या शब्दापाशी मी बराच थांबलो आहे, कारण तो अर्धा खरा आहे. खरेच कोणी हातमोजे घातले नव्हते. खरेच लोक बनियनवर, अनवाणी फवारत होते. खरेच मधेच पंप खाली ठेवून त्याच हाताने खर्रा तोंडात टाकत होते. विदर्भात खर्रा हा दिवसभराचा सोबती, सुपारी-तंबाखू-चुना प्लास्टिकच्या तुकड्यात घोटून तयार केलेला, आणि तो खायला चमचा लागत नाही. वाऱ्याच्या दिशेने फवारा, भर उन्हात फवारू नका, हे सांगणारी भित्तिपत्रकेही लागलेली असतील. पण निष्काळजी म्हणायला माणसाच्या हातात काळजी घेण्याएवढी सवड आणि माहिती तरी असायला हवी.

मजुराचे बघा. तो रोजाने नाही, पंपामागे पैसे घेतो. एका पंपात पंधरा-सोळा लिटर पाणी. म्हणजे पाठीवर तेवढे किलो आणि वर पंपाचे वजन. एकराला दहा-बारा पंप. दिवसभरात वीसेक पंप मारले तर हातात काही उरते. ऊन चढण्याआधी थांबा, हे त्याला सांगणे म्हणजे निम्म्या मजुरीवर घरी जा म्हणणे. पंपाचे झाकण झिजलेले असते. प्रत्येक पावलाला थोडे-थोडे सांडते, सदरा पाठीला चिकटतो, ओल कमरेवरून खाली उतरते. सुरक्षा किटमधला मास्क नाकाला आहे, हातमोजे हाताला. ओली राहते ती पाठ आणि जांघ.

आणि कातडी सगळीकडे सारखी नसते. अमेरिकेत मायबाख, फेल्डमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात किरणोत्सारी खूण केलेले पॅराथिऑन माणसांच्या अंगावर वेगवेगळ्या जागी लावून ते किती आत शिरते ते मोजले. हाताच्या कोपराखालच्या भागातून शेकडा नऊच्या आत. कपाळातून छत्तीसच्या आसपास. काखेतून चौसष्ट. आणि वृषणाच्या कातडीतून जवळजवळ सगळेच्या सगळे. गळका पंप, सहा फुटी ओली पऱ्हाटी आणि घामाने भिजलेली चड्डी या तिन्हींची बेरीज त्या आकड्यांशी करून पाहिली, तर विष नाकातोंडातूनच गेले असेल असे म्हणायचे धाडस उरत नाही. हातमोजे त्या मानाने कमी शोषणाऱ्या जागेचे रक्षण करतात, ही गोष्ट कोणत्याही किटच्या पाकिटावर छापलेली मी पाहिलेली नाही.

आता ड्रमकडे वळू. आपल्याकडे कीटकनाशकाच्या डब्यावर उभा चौकोन असतो, त्याचे दोन त्रिकोण. खालच्या त्रिकोणाचा रंग विषाची तीव्रता सांगतो. लाल सर्वांत जहाल. प्रयोगशाळेतल्या उंदरांना तोंडावाटे दिल्यावर शरीराच्या किलोमागे ५० मिलिग्रॅमच्या आत निम्मे मरतात असा. पिवळा ५०० पर्यंत, निळा ५००० पर्यंत, हिरवा त्यापुढचा. लालवर कवटी आणि दोन हाडे. व्यवस्था सुटसुटीत आहे. पण रंग एका बाटलीचा असतो. ड्रममध्ये एक कीटकनाशक अळीसाठी, दुसरे माशीसाठी, वर बुरशीनाशक, शिवाय बोंडे धरावीत म्हणून ‘टॉनिक’, आणि चिकटावे म्हणून स्टिकर. हे सगळे कालवले की जे होते त्याला रंगच नाही. त्याची चाचणी कोणी केलेली नसते. प्रोफेनोफॉससारखी ऑरगॅनोफॉस्फेट सायपरमेथ्रिनसारख्यांना शरीरात मोडणाऱ्या विकरांनाही अडवतात, म्हणून तर ती जोडी किड्यांवर इतकी चालते. किड्याचे आणि माणसाचे विकर या बाबतीत दूरचे भाऊबंद आहेत, इतकेच.

मिश्रणाचा सल्ला कोण देतो? कृषी सहायक एक आणि त्याच्याकडे गावे कितीतरी. कृषी केंद्राचा मालक मात्र तालुक्याच्या बाजारात, सकाळी आठपासून रात्री नऊपर्यंत, आणि मुख्य म्हणजे उधारीवर. ज्याची उधारी त्याचा सल्ला, हे गणित विद्यापीठाच्या शिफारशींना गेली तीस वर्षे हरवत आले आहे. दुकानदाराला दोष देऊन मोकळे होणेही सोपे. त्याच्याही डोक्यावर कंपनीच्या माणसाचे विक्रीचे लक्ष्य असते. आणि गुलाबी बोंडअळीपुरते बोलायचे, तर अंड्यातून बाहेर पडल्यावर थोड्याच वेळात ती बोंडात शिरते, वरचे छिद्र बुजते, आणि आत ती निवांत सरकी खात बसते. बाहेरून कितीही मारा. अळीला घर आहे. फवारणाऱ्याला आडोसा नाही.

मरण पावलेल्यांची निदान नोंद होते. जे घरी आले त्यांचे काय, याबद्दल आपण फार कमी बोलतो. काहींच्या हातापायांत दोन-तीन आठवड्यांनी मुंग्या आणि लुळेपणा सुरू होतो, काही औषधांनंतर येणारा हा उशिरा प्रकटणारा मज्जाविकार. काहींची नजर पूर्वीसारखी राहत नाही, झोप जाते, चिडचिड वाढते; घरचे म्हणतात स्वभाव बदलला. पण मला जास्त घाबरवते ती न दिसणारी घट. त्या विकराची ऑरगॅनोफॉस्फेटने घोटलेली मात्रा आपोआप मोकळी होतेच असे नाही. तांबड्या पेशींमधली पातळी भरून यायला नव्या पेशी तयार व्हाव्या लागतात, आणि पेशीचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचे. म्हणजे रोजची भरती शेकडा एकाच्या आसपास. जुलैत पहिला फवारा मारलेला माणूस आठ-आठ दिवसांनी पुन्हा ड्रमपाशी उभा राहत असेल, तर तो किराण्याच्या वहीत उधारी चढवत राहिल्यासारखा आहे. जुने फिटायच्या आत नवे. जुलैत डोके दुखले, ऑगस्टमध्ये मळमळ, सप्टेंबरच्या एका सकाळी तेवढाच पंप, तेवढेच औषध, आणि माणूस बांधावर कोसळतो. काल तर काही झालं नव्हतं, असे सगळे म्हणतात.

ही उधारी रक्त तपासून कळते. आणि इथे मी वाचकाला एक नियम दाखवणार आहे, जो मी पहिल्यांदा वाचला तेव्हा छपाईची चूक वाटली. आपल्या १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली १९७१ साली नियम झाले. त्यातला ३७ वा नियम सांगतो की फवारणीच्या कामावर असलेल्यांची कामाला लावण्याआधी आणि नंतर ठरावीक मुदतीने वैद्यकीय तपासणी व्हावी, आणि जे ऑरगॅनोफॉस्फेट किंवा कार्बामेट हाताळतात त्यांच्या रक्तातले कोलिनएस्टरेज दर महिन्याला मोजावे. दर महिन्याला. कॅलिफोर्नियाने शेतावर औषध हाताळणाऱ्या मजुरांसाठी अशीच सक्ती आणली ती १९७४ साली, म्हणजे आपला कागद त्यांच्याही आधीचा. तिथे हंगामाआधी माणसाची मूळ पातळी मोजून ठेवतात. ती ठरावीक टक्क्यांनी खाली आली की त्याला औषधापासून दूर करतात आणि भरून आल्यावरच परत घेतात. मूळ पातळी हवीच, कारण माणसामाणसांत तिचा पल्ला एवढा मोठा की निम्मी गमावलेलाही कागदावर ‘नॉर्मल’ दिसू शकतो. कापसाच्या वावरात पंपामागे पैसे घेणाऱ्या कोलाम, गोंड, परधान किंवा आणखी कुठल्या मजुराचे रक्त दरमहा तपासले गेल्याचे मला आजवर कुठेही आढळलेले नाही. त्याच कायद्याचे २६ वे कलम राज्याला विषबाधेच्या नोंदी सक्तीने मागवायचा अधिकार देते. हे सगळे आहे. छापील आहे.

कायदा जन्मला त्याची कथाही सांगण्यासारखी. १९५८ च्या उन्हाळ्यात केरळात शंभराहून जास्त माणसे अन्नातून विषबाधा होऊन मेली. फोलिडॉल म्हणजे पॅराथिऑन. त्याचे डबे जहाजात खाद्यपदार्थांच्या शेजारी ठेवलेले होते, ते गळले. चौकशीला नेमले गेले न्यायमूर्ती जे. सी. शाह. तिथून हलत-डुलत दहा वर्षांनी कायदा आला. म्हणजे मूळ भीती ताटातल्या विषाची होती. २०१३ च्या जुलैत बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेच्या जेवणातून २३ लेकरे गेली, मोनोक्रोटोफॉसने. तेव्हाही देश हादरला तो ताटामुळेच. ताटातले विष सर्वांना आपले वाटते, कारण जेवतो प्रत्येकजण. पाठीवरचे विष फक्त पाठ देणाऱ्याचे. भाज्यांवर मोनोक्रोटोफॉस वापरायला २००५ मध्येच बंदी झाली, खाणाऱ्यांसाठी. कापूस कोण खातो? फवारणाऱ्याला कित्येक हंगाम थांबावे लागले, २०२३ मध्ये केंद्राने त्याच्या ३६ टक्क्यांच्या द्रावणाचा रस्ता बंद करायला घेतला तोवर.

ताटाबाहेरच्या माणसाचा हिशेब कुठवर जातो ते पाहायला बाझलला जावे लागते. ऱ्हाइनच्या काठचे हे स्विस शहर औषध-कंपन्यांचे. इथले औषध दोन्ही अर्थांचे. पोलो या नावाने यवतमाळच्या दुकानांत मिळणारे डायफेन्थियुरॉन बाझलच्या सिंजेंटाचे. युरोपीय संघात ते २००२ मध्ये बाद झाले, स्वित्झर्लंडमध्ये २००९ मध्ये. बाद झाले ते तिथल्या शेतातून, निर्यातीतून नाही. एकट्या २०१७ या वर्षात तिथून भारताकडे ७५ टन मूळ द्रव्य पाठवले गेल्याचे स्विस नोंदींवरून ‘पब्लिक आय’ या तिथल्याच संस्थेने उघडकीला आणले. यवतमाळच्या पोलिसी कागदांत ९६ प्रकरणांत पोलोचा उल्लेख होता, त्यांत दोन मृत्यू. कंपनीने आपल्या उत्पादनाचा संबंध सरळ नाकारला.

सप्टेंबर २०२० मध्ये ५१ बाधितांच्या वतीने स्वित्झर्लंडमध्ये तक्रार गेली. जून २०२१ मध्ये मरण पावलेल्या दोघांच्या पत्नी आणि एक बचावलेला शेतकरी, अशा तिघांनी बाझलच्या दिवाणी न्यायालयात दावा लावला. कल्पना करून बघा : दारव्हा-आर्णीकडच्या गावातून काढलेले दाखले, रुग्णालयाचा डिस्चार्ज कागद, पंचनामे, सगळे जर्मनमध्ये उतरवून ऱ्हाइनकाठच्या टेबलावर. आणि तिथेही पुन्हा तोच प्रश्न, वकिलांच्या तोंडून : नक्की काय मारलं होतं? ड्रममध्ये आमचेच होते कशावरून? इकडचे ढिसाळ उत्तर तिकडे कंपनीचा बचाव होते. स्वित्झर्लंडने मात्र १ जानेवारी २०२१ पासून आपल्याकडे बाद असलेल्या पाच कीटकनाशकांची निर्यातच थांबवली. त्यात डायफेन्थियुरॉन होते, प्रोफेनोफॉसही. इतर देशांतून आणि आपल्याच कारखान्यांतून ती मिळत राहिली, हा भाग वेगळा.

घरच्या न्यायाचे माप सातबाऱ्याने मोजले जाते. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची शेतकरी अपघात योजना राज्यात आहे, कीटकनाशकाची विषबाधा तिच्यात अपघात म्हणून बसते, मृत्यूला दोन लाख मिळतात. पण लाभार्थी कोण, तर ज्याचे नाव सातबाऱ्यावर, आणि अलीकडे त्याच्या कुटुंबातला आणखी एक. पंप पाठीवर घेणारा बहुतेक वेळा भूमिहीन. २०१७ मध्ये गाजावाजा झाला म्हणून मृतांच्या घरी सरकारने वेगळी मदत दिली. पुढच्या हंगामांत मृत्यू कमी झाले, डॉक्टर सावध झाले, शिबिरे झाली. आणि आकडा खाली आला तसा गाजावाजाही. वॉर्डात येणारे मात्र दर पावसाळ्यात येतातच, दहा-वीस-पन्नास करत, बातमी होईल इतके एकदम येत नाहीत.

बायकांची गोष्ट या सगळ्या कागदांत जवळपास नाहीच. फवारणी पुरुषांचे काम मानले जाते, म्हणून विषबाधाही पुरुषांची. पण ड्रमसाठी नाल्यावरून पाणी वाहून आणणारी बाईच असते. कालच फवारलेल्या वावरात आज वाकून निंदण करणारी तीच, मांडीवर ओले पान घासत. आणि संध्याकाळी तो घरी येतो, अंगणात सदरा काढून टाकतो. माहितीपत्रकात लिहिलेले असते, कपडे वेगळे धुवावेत, हातमोजे घालून. ती तो सदरा पोरांच्या शाळेच्या गणवेशाबरोबर एकाच बादलीत भिजवते, उघड्या हातांनी चोळते, दोनदा पिळते आणि बाभळीच्या कुंपणावर वाळत टाकते. सदरा सुती असतो. उद्या सकाळी सात वाजता तोच घालून तो निघणार असतो, अजून सहा एकर राहिलेले असतात.